फायब्रिनोजेनचे दोन आकडे

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मुख्य रुग्णालय.

विषय : बहिणीच्या शस्त्रक्रियेपूर्वी फायब्रिनोजेनची फेरतपासणी होणेबाबत.
संदर्भ : एकाच नळीतील रक्ताचे, सोमवारचे दोन अहवाल.

महोदय,

१. मी कारखान्यात हजेरी कारकून आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया उद्या सकाळी नऊ वाजता ठरली आहे. पूर्वी दात काढल्यावर तिचे रक्त दोन दिवस थांबले नव्हते. म्हणून रक्ताची गुठळी बांधणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन तपासण्यात आले. सकाळच्या अहवालात ते ६२ होते, दुपारच्या अहवालात २४८. किमान २०० हवे, असे त्यावरच छापले आहे. संध्याकाळी फाइलमध्ये फक्त दुपारचा अहवाल उरला होता. पहिल्याचा फोटो मी काढून ठेवला होता, म्हणून बरे.

२. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी तडक प्रयोगशाळेत गेलो आणि नळ्या बदलल्याचा आरोप तेथील तंत्रज्ञ बाईंवर चारचौघांत केला. चोर हा शब्दही वापरला.

३. बाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "दादा, नळी एकच आहे. एका चाचणीत प्रथिन किती आहे ते मोजतात, ते २४८. दुसरीत गुठळी व्हायला किती वेळ लागतो त्यावरून काम करणारे किती ते काढतात, ते ६२. तुमच्या बहिणीच्या रक्तात ते आहे, पण काम करत नाही." हजेरीपटावर सह्या पूर्ण आणि यंत्रापाशी कोणी नाही, हे मी वीस वर्षे पाहत असल्याने मला लगेच उमगले. शल्यचिकित्सकांना मात्र उमगले नाही. "पहिला रिपोर्ट चुकलाय, घोळ घालू नका," असे ते म्हणाले.

४. आज बाई टेबलावर नाहीत. पहारेकरी म्हणतो रजा, शिपाई म्हणतो माझ्या आरडाओरड्यामुळे बदली. दोघांपैकी एक खोटे बोलत आहे. बहीण दुखण्याला कंटाळली आहे. "दादा, तुला सगळेच चोर दिसतात," असे म्हणून तिने संमतीपत्रावर स्वतःच सही केली.

५. तरी दोन्ही चाचण्या पुन्हा होईपर्यंत शस्त्रक्रिया थांबवावी. ती झालीच, तर फायब्रिनोजेन देण्याची तयारी आधीच ठेवावी. बाईंवरचा आरोप मी मागे घेत आहे. नमुना त्यांनीच घ्यावा. या इमारतीत माझा विश्वास त्यांच्यावरच उरला आहे, आणि त्यांची माफी मागायची राहिली आहे.

प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
रुग्णाचा थोरला भाऊ
बुधवार, दुपारी साडेतीन

सोबत : १. ६२ च्या अहवालाचा फोटो
२. २४८ च्या अहवालाची प्रत