वीस वर्षांची लीप

४ ऑगस्ट, सोमवार
अंबरनाथच्या बंगल्यातलं शूटिंग संपलं तेव्हा रियाने गाठलं. ही चॅनेलची, मालिकेत कोण जगणार, कोण मरणार ते हिच्या हातात. वय सव्वीस.
"मॅम, वीस वर्षांची लीप घेतोय, स्टोरी डायरेक्ट वीस वर्षं पुढे. तुमचं प्रमोशन! काकूची डायरेक्ट आजी."
मी त्रेचाळीस. माझ्या पुतण्याचं काम करणारा हिरो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. लीपनंतर तो स्वतःच्याच मुलाचं काम करणार. तेच केस, तेच दंड. पांढरं व्हायचं ते फक्त मी. आणि एकदा आजी झालं की परत कुणी बाईचं काम देत नाही.
नाही म्हटलं तर काकू मधल्या वर्षांत वारली. भिंतीवर हार घातलेला फोटो, संपलं.

६ ऑगस्ट, बुधवार
आरशासमोर वाकून चालून पाहत होते. सासूबाई दारात. वय एकाहत्तर, आमच्या मांजर्लीहून मंडईत रोज पायी जातात.
"हे काय गं?"
"मालिकेतली आजी."
"तिला झालंय काय?"
"काही नाही. म्हातारी आहे."
मेथी निवडायला बसल्या, नेहमीपेक्षा ताठ.
हे वाकणं मी शिकले कुठून? घरात कुणी असं चालत नाही. मालिका बघूनच की.

९ ऑगस्ट, शनिवार
उल्हासनगरला कुमुदताईंकडे. माझी पहिली नाटकं त्यांच्याबरोबरची. आता अडुसष्ट. बरेच दिवस काम नाही. लीपचं सांगितलं, तक्रार म्हणून. हसल्या.
"मग आम्ही काय करायचं? सुनांची कामं मागू?"
मग चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता, "आज्या तेवढ्या आमच्या उरल्या होत्या गं. त्याही तुम्ही पोरींनी घेतल्या."
मला पोर म्हणणारं हे एकच घर राहिलंय.
निघताना म्हणाल्या, "विचारून बघ ना माझं. पाठांतर पक्कं आहे अजून."
रिक्षात ठरवलं, नाव सुचवायचं. पाठोपाठ मनात आलं, मग माझं काय? आलं ते आलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार
रियाला कुमुदताईंचा फोटो दाखवला, परवाच काढलेला. तिने दोन बोटांनी मोठा करून पाहिला.
"सो स्वीट! पण मॅम, या खूपच म्हाताऱ्या दिसतात."
"आजीच हवी आहे ना?"
"हो, पण आजी फ्रेश लागते. सुरकुत्या आपण मेकअपने हव्या तेवढ्या रंगवतो."
भांडायला हवं होतं. मी विचारलं काय, तर "माझं हो-नाही कधीपर्यंत सांगायचं?" तेही हसून.
ताईंना नकार मिळाला म्हणून बरं वाटलं का? प्रामाणिकपणे... थोडं वाटलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार
रियाचा मेसेज. शनिवारी सकाळी विगची ट्रायल, येताय ना? 'येते' टाइप केलं. पाठवलं नाही. खोडलंही नाही.
संध्याकाळी कुमुदताईंचा फोन.
"विचारलंस का गं?"
"अजून नाही." सरळ खोटं.
"असू दे, घाई नाही. मी आपली केसांना मेंदी लावायची बंद केलीय. पांढरे दिसलेले बरे ना त्यांना?"
"हो," म्हटलं मी.