नुसती वाळू

शनिवार, ११ जानेवारी २०२५

पुस्तक आलं एकदाचं! इथल्या भटकंतीच्या गाइडची यंदाची नवी आवृत्ती — कुठलं पार्क कधी उघडं, कुठला आडरस्ता पावसानंतर बंद झाला, कुठे तिकीट, कुठे टॉयलेट. सगळं आहे. अब्बांनी दोन पानं चाळली आणि हसले. "उमर गेली इथे टँकर चालवून. मला पुस्तक दाखवते!"

खरंच गेली. शारजा, रास अल खैमा, फुजैरा — जिथे साइट तिथे पाणी पोचवायचं. आता फेब्रुवारीअखेर व्हिसा खलास, मग कायमचे गावी, म्हसळ्याला. आणि अम्मी आत्ता आलीय. पहिल्यांदा! व्हिजिट व्हिसावर, नवऱ्याला घरी न्यायला.

इतकी वर्षं तिने फोनवर एकच ऐकलं — "इथे काय नाय गं, नुसती वाळू." मीही तेच ऐकत मोठी झाले. भूगोलाच्या तासाला दुबईत काय आहे म्हणून बाईंनी विचारलं, तर मी छाती काढून तेच उत्तर दिलं होतं. वर्ग हसला. मला कळलंच नाही का ते.

तर माझा बेत असा: दर आठवड्याच्या सुट्टीला दोघांना गाडीत घालायचं आणि निघायचं. लग्न झाल्यापासून सुट्टीपुरतीच भेटलेली माणसं ही. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या माझ्या एवढ्याशा खोलीतही पाहुण्यांसारखी वागतात. "तुम्ही घ्या." "नाय, तू घे." आता जन्मभर एका घरात राहायचंय त्यांना! गाडीत तरी बोलतील.

रविवार, १९ जानेवारी

काल अल कुद्रा. अम्मी तळ्याकाठी उभी राहिली ती हलेचना. "या अल्ला, किती पाणी! आणि ही पाखरं!" मग हळूच अब्बांकडे वळली. "वाळू कुठंय?"

"माझ्या वेळी तळं नव्हतं," अब्बा पुटपुटले. मी पुस्तक उघडून पाहिलं. तळं माणसांनीच केलेलं, नवं. अब्बा सुटले!

मंगळवार, २१ जानेवारी

अब्बांनी अम्मीला विचारलं, "वरच्या खोलीत सकाळचं ऊन येतं ना?" म्हसळ्याच्या घरातल्या त्या खोलीची खिडकी त्यांनी इथून फोनवर गवंड्याशी भांडून पूर्वेला घेतली होती. अम्मी मेथी निवडत होती. "येतं की," म्हणाली. मान वर नाही केली.

शनिवार, २५ जानेवारी

आजचा दिवस मी वाया घालवला.

मलेहाच्या पुढे वाळवंटात एक गाफचं, म्हणजे आपल्याकडच्या शमीचं, झाड आहे, तिथे टँकर लावून अब्बा जेवायचे. ते अम्मीला दाखवायचं होतं. कधी नव्हे ते स्वतःहून बोलले! स्टिअरिंग घेतलं, पुस्तक मागच्या सीटवर टाकलं. "मला रस्ता पाठ हाय." मी म्हणत होते, त्या बाजूने आता कुंपण आहे, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, दुसऱ्या गेटने जा. ऐकतात कसले! तासभर वाळूत हेलकावे खाऊन पोचलो ते तारेपाशीच.

आणि मी म्हणाले, "सांगत होते ना!"

काय गरज होती? तारेला हात लावून बराच वेळ उभे राहिले बिचारे. अम्मीने मला डोळ्यांनी दटावलं. परत येताना मी चालवली.

रविवार, २ फेब्रुवारी

काल पुस्तकातल्या गेटने गेलो. झाड आहे! अब्बा म्हणाले, होतं तेवढंच आहे, ते कशाला बदलतंय. सभोवार लाल टेकड्या, मागे काळा डोंगर, आणि असली शांतता की अम्मीच्या बांगड्या ऐकू येत होत्या. अम्मी बसली. सगळीकडे बघून घेतलं तिने.

"इथून फोन करायचात?"

"हां. इथेच रेंज यायची."

"हे समोर दिसत असताना मला सांगायचात, काय नाय, नुसती वाळू?"

अब्बा बोटाने वाळूत रेघा ओढत होते. मग म्हणाले, "चांगलं हाय म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, मला बोलवा. माझा पगार फॅमिली व्हिसात बसत नव्हता. दर वेळी तुला नाय कसं म्हणू? त्यापेक्षा वाळू बरी."

मला वाटलं अम्मी आता भडकणार. तिने डबा उघडला. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी. "जेवा. एकटे जेवायचात ना इथे." आणि मग त्यांच्या भाकरीचा तुकडा स्वतःच मोडून दिला. पाहुणेपणा गेला एकदाचा!

मी लांब जाऊन फोटो काढायचं नाटक केलं. फार वाईट वाटलं. त्या वेळी दोघं तरुण होती. आता टेकडी चढताना अम्मीला माझा खांदा लागतो आणि अब्बांना मध्येच उभं राहावं लागतं. पगार कमी होता हे खरं, पण व्हिजिट व्हिसावर दोन महिन्यांसाठी तरी बोलवायचं? एखाद्या हिवाळ्यात? मी अब्बांना हे विचारणार नाही. तेही स्वतःला तेच विचारत असणार.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

अब्बांना आता घराशिवाय दुसरा विषय नाही. गॅलरीत खुर्च्या कुठे ठेवायच्या, इफ्तारला कुणाला बोलवायचं — रमझान तिकडेच सुरू होणार. खोली खोली करत बांधलेलं घर. सलग महिनाभरसुद्धा राहिले नाहीत त्यात. अम्मी म्हणते, "बघू, इन्शाल्ला."

घराच्या किल्ल्यांचं जुडगं तिच्या पर्समध्ये असतं. आज मी चिडवलं, "इथे कशाला वागवतेस? दुबईत कोण तुझं म्हसळ्याचं घर फोडतंय?" हसेल वाटलं होतं. "राहू दे," म्हणाली आणि पर्स मिटली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

शेवटची सहल. वादी शौका, डोंगरातलं नदीपात्र. फार चालवेना म्हणून एका दगडावर बसलो. अम्मी म्हणाली, "पुस्तक वाच." मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेले — हत्ता, लिवा, जेबेल जैस, हे पार्क, तो घाट. प्रत्येक नावाला अब्बा म्हणायचे, "तिथे पाणी टाकलंय मी." आणि अम्मी म्हणायची, "म्हणजे हेपण राहिलं."

भांडण नव्हतं त्यात. ते असतं तर बरं झालं असतं.

निघताना अब्बा म्हणाले, "आता घरी आराम करू. गॅलरीत बसू दोघं." अम्मीने पर्समधलं जुडगं चाचपून पाहिलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

एअरपोर्टवरून आत्ता आले. बॅगा टाकून झाल्या आणि अम्मीने जुडगं काढून अब्बांच्या हातात ठेवलं. "कुलूप गंजलंय. तुम्हीच उघडा." अब्बांना वाटलं मस्करी आहे. मग तिने सांगितलं. ती त्या घरात राहतच नाही. मामूकडे राहते. अब्बा सुट्टीवर येणार, मी येणार, की आधी जाऊन उघडते, झाडते, चूल पेटवते.

अब्बा म्हणाले, "फोनवर तर म्हणायचीस, घर झकास हाय. ऊन येतं."

"तुम्ही नाय का म्हणायचात, नुसती वाळू."

मी विचारलं, केव्हापासून?

"तू दुबईला गेलीस तेव्हापासून," अम्मी म्हणाली. "कुणासाठी उघडं ठेवायचं?"