कोपऱ्यातली ओली चटई

बाबा, तुम्ही आमच्या अंगणवाडीत येऊन बसत होता का, एवढंच विचारायचं आहे. दुसऱ्या कुणाला विचारलं तर सेविकाबाईचं डोकं फिरलं म्हणतील, आणि आपल्या गावात अशी बातमी लोणारच्या एसटीच्या आधी पोचते.

आपला भाजीचा मळा आठवतो. तुम्ही फावडं घेऊन पाणी वळवताय, मी बांधावर उभी आहे. प्रत्येक वाफ्यापाशी तुम्ही थांबून माझ्याकडे बघता, कारण मी हाक दिल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, असं आपलं ठरलेलं. "वांगेबाई, पानी घ्या. मिरचीबाई, दम धरा." शेजारचे काका हसायचे, "पोरीले वांग्याशी बोलाले शिकवून राह्यला का बे?" तुम्ही म्हणायचात, "हाव. उद्या मानसाशीबी बोलन ते." मी बोलायला शिकले ती तिथेच, चिखलात पाय घालून.

आता मी दुसऱ्यांच्या बापांच्या मागे लागते, अंगणवाडीत येऊन लेकराजवळ बसा म्हणून. लेकरू शिंकलं तरी आईच येते. बाप मुलाला गाडीवरून उतरवतो, गाडी बंदसुद्धा करत नाही. अशा मुलांतली एक चार वर्षांची मुलगी. घरी आईच्या कानात कुजबुजायची, आमच्याकडे मात्र तोंडातून अक्षर नाही. ही अशीच मुकी शाळेत जाणार, या विचाराने माझा जीव टांगणीला लागलेला. तिच्या बापाला सांगितलं तर म्हणाला, "बोलन तिच्या टायमाले. मी काय बोलू लेकराशी?"

उन्हाळ्यात मी बापांची सभा ठेवली. प्रत्येक मुलाशेजारी बापासाठी एक चटई टाकली. सगळे बाप ओट्यावरच घुटमळत होते, त्यांना हाताला धरून आत आणलं. या मुलीचा बाप कोपऱ्यातल्या तिच्या शेजारच्या चटईवर टेकणार, तोच ती मोठ्याने बोलली.

"तिथं बसू नका. आबा बसेल हायेत."

बापाने चाचरत विचारलं, "कोनते आबा, माय?"

"पान्यावाले." आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत हसून म्हणाली, "वांगेबाई, पानी घ्या. मिरचीबाई, दम धरा."

ही हाक मी कुणाला कधी सांगितली नव्हती. तुम्ही गेलात तेव्हा तिचा बापच शाळकरी पोरगा होता. वाकून चटईला हात लावला तर ती ओली, बोटांना गाळ लागला. त्या दिवसांत गावात नळ कोरडे पडले होते.

बापाने तिला उचललं. "उद्यापासून येनार नाई ते. बाधा हाय इथं." आज कुठे तिचं तोंड उघडलं होतं, आणि हा तिला घरात कोंडायला निघालेला. मी दार अडवून जे सुचलं ते बोलले, "बापाची जागा रिकामी दिसली म्हनून बसले ते. तुमी रोज या, तिच्याजवळ बसा, बोला. मंग जातीन ते."

भीतीने का होईना, तो आला. आधी भिंतीला पाठ लावून बसायचा, कोपऱ्याकडे बघायचा नाही. हळू आवाजात विचारायचा, "आबा काय म्हनले?" ती सांगायची. मग आबांवरून गोष्ट बैलावर, बैलावरून आजीच्या दातांवर. आता ती इतकं बोलते की मलाच डोकं धरून बसावं लागतं. त्याच्या मागे आणखी दोन-तीन बाप यायला लागले.

परवा मी तिला सहज विचारलं, "आबा कुठं हायेत?" ठोकळ्यांवरची नजर न काढता ती म्हणाली, "गेले ना. आता माहे बाबा येतेत."

मला आनंद झाला, खोटं नाही सांगत. हेच तर हवं होतं. पण तिच्याशी इतके दिवस बोललात, माझ्याशी काऊन नाही, बाबा? मी तर त्याच खोलीत होते. त्याला रोज बोलावलं ते तुम्हाला घालवायला नव्हतं हो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, माहीत आहे. पण ती चटई मी अजून उचललेली नाही. मुलं यायच्या आधी दार लावून घेते, कोपऱ्यात जाऊन आपली हाक देते आणि चटई हाताने चाचपते. कोरडीच असते.