अकरा मिनिटांचा कम्प्युटर

प्रिय इंजिनियरसाहेब,

हाताने लिहिलेलं पत्र पाहून दचकू नका. अक्षर माझंच आहे. कुठेकुठे शाई फुटलीय ती पेनामुळे, हात थरथरतोय म्हणून नाही. बातमी अशी की ज्या कम्प्युटरला आपण दोन वर्षांपूर्वी मृत घोषित केलं होतं, तो आता पन्नास सेकंदांत चालू होतो. आधी अकरा मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून मोजलीत. बटण दाबून मी केर काढायची, कुंड्यांना पाणी घालायची, परत येऊन बघावं तर पडद्यावर ते गोल चक्र फिरतंच आहे. रोजनिशीत एक शब्द टाइप केला की तो उमटेपर्यंत मी पुढचे तीन विसरायची. 'विसरायची' हा शब्द तुला आवडेल म्हणून मुद्दाम वापरला.

तुला फोन केला होता. तुझ्या हाताखाली चाळीस माणसं, सगळी म्हणे दिवसभर कम्प्युटरच सुधारतात, तेव्हा आईचा एक डबा तुला काय जड, असं मला वाटलं. तू म्हणालास, "आई, चौदा वर्षं म्हणजे कम्प्युटरची शंभरी गं. फेकून दे. आणि आता तूही टायपिंग पुरे कर. दोघं मिळून रिटायर व्हा." स्वतःच्या विनोदावर तू किती वेळ हसत होतास! मी तुझ्या वयाची असताना दिवसाला पन्नास मुलींना टायपिंग शिकवत होते, आणि माझ्या क्लासमधलं एकही मशीन जुनं झालं म्हणून मी कधी फेकलं नाही. तेल घातलं, फीत बदलली, की ते पुन्हा खडखडायला लागायचं. तुझ्या कॉलेजातली चार वर्षं त्या खडखडाटावर निघाली. असो. उपकार मोजायला हे पत्र लिहीत नाहीये.

मग दोन दिवसांसाठी आलास, तेव्हा अर्धा तास कम्प्युटरसमोर बसलास. फोन कान आणि खांद्याच्या मधे, एका हातात चहा, दुसऱ्या हाताने खटाखट काहीतरी टाकत होतास. "झालं, आता पळेल," म्हणालास. पळाला नाहीच. होता त्याहून निम्म्यावर आला. पण मी गप्प बसले, कारण तुझ्या बायकोसमोर तुझी फजिती नको. आईपणाचे असले लाड फार केले मी.

मधलं वर्षभर माझं कसं गेलं ते तुला ठाऊक आहे. तू फोनवर म्हणायचास, "आई, परवा किल्ली कुलपालाच राहिली होती ना? जपून राहा, नाहीतर इकडेच ये राहायला." मी चक्रावायची. किल्ली राहिली होती हे खरं, पण मी ते तुला कधी सांगितलं? "अगं, तूच तर सांगितलंस!" तू इतक्या सहज म्हणायचास की मला माझीच लाज वाटायची. पुढच्या महिन्यात दूध उतू गेल्याचं. त्याच्या पुढच्या महिन्यात बँकेत सही करताना आडनाव चुकल्याचं. दर वेळी मीच सांगितलेलं, दर वेळी मला आठवत नाही. किल्लीच्या त्या फोनपासूनच मी फोनजवळ वही ठेवली होती आणि तुझ्याशी काय बोलले ते तारखेसकट लिहीत होते. सगळं पान भरायचं, पण उतू गेलेलं दूध त्यात कुठेच नसायचं. मग वाटायचं, लिहायचंही विसरले असेन. रविवारी भाजी आणायला जाताना मी परतीचं वळण मनात पाठ करत जायची, साहेब. ज्या रस्त्यावर मी तीस वर्षं क्लास चालवला, त्या रस्त्यावर.

तेवढ्यात तुझ्या मावशीचा फोन. "ताई, आता एकटी राहू नकोस. मुलगा काळजीने अर्धा झालाय. डॉक्टरांची वेळ घेतोय, सह्या कुणी करायच्या त्याचे कागदही करून घेऊ म्हणतोय." अर्धा झालास तू? फोटोत तर चांगला दीडपट दिसतोस. पण त्या दिवशी मला हे सुचलं नाही. मी मावशीला "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

कम्प्युटर दुरुस्त केला तो वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या मुलीने. इस्पितळात एक्स-रे काढते. त्यांच्याकडे कम्प्युटरची असलीच जुनी खोडं आहेत आणि ती हिलाच सांभाळावी लागतात. मी तिला जिन्यात सहज म्हणाले की एका सरांचा सहाशे पानांचा प्रबंध टाइप करायला घेतलाय आणि मशीन जागचं हलत नाही. शनिवारी सकाळी ती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर. पेटी उघडली तर आत गादी भरता येईल एवढी धूळ. ती झटकली, आणलेली मेमरीची पट्टी खाचेत बसवली, आणि मला शेजारी बसवून म्हणाली, "काकू, माउस तुम्ही धरा. मी नुसतं सांगते." दोन वर्षांपूर्वी हे एक वाक्य तुला सुचलं असतं तर!

तिने मला एक यादी दाखवली. बटण दाबल्यावर आपणहून सुरू होणारी सगळी कामं. "यंत्र म्हातारं नाहीये काकू, त्याच्या डोक्यावर बिऱ्हाडं किती बसलीत बघा." अठ्ठावीस होती. आपण कधीच देऊन टाकलेल्या प्रिंटरची दोन. एका खेळाचं एक. व्हायरस पकडणारे तीन पहारेकरी, दिवसभर एकमेकांचीच झडती घेत बसलेले. बहुतेक सगळी तू त्या अर्ध्या तासात बसवलेली. एकेकावर मी स्वतः टिचकी मारून बंद केलं. खिडक्या उघडताना होणारा दिखाऊ नाच बंद केला, वर्षानुवर्षं साचलेल्या फायली पुसल्या. हाताखाली चाळीस माणसं असलेल्याला जे जमलं नाही, ते दोन बायकांनी दुपारच्या जेवणाआधी उरकलं.

एका ओळीपाशी मात्र ती थांबली. म्हणाली, "काकू, हे तुम्हीच ठेवलंय ना? याने दुसऱ्या गावात बसलेल्या माणसाला तुमचा कम्प्युटर उघडून वाचता येतो." मी नाही म्हणाले. तिने त्याची नोंद उघडली. कोण, कधी, किती वेळ, सगळं लिहिलेलं. नाव तुझं. एकंदर सदतीस वेळा. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "पाणी आणू का?" मी फोनजवळची ती वही काढली आणि तारखा जुळवल्या. किल्लीचा फोन, त्याच्या आदल्या दिवशी तू. दुधाचा, आदल्या दिवशी तू. मी यातलं तुला काहीही सांगितलं नव्हतं. फक्त माझ्या रोजनिशीत टाइप केलं होतं. माझं डोकं ठीक होतं. अख्खं वर्ष ठीक होतं, आणि तू मला ते तसं नाही हे पटवत होतास. चोर पुष्कळ पाहिले, पण आईला आधी वेडं ठरवून मग तिची काळजी करणारा पहिलाच.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुला कबूल करायला लावण्यासाठी नाही. मावशीला मी काल सगळं सांगितलं. ती रडली, मी रडले नाही. डॉक्टरांकडे मी एक्स-रेवालीबरोबर जाऊन आले. वयाच्या मानाने उत्तम, असं त्यांनी लिहून दिलंय. कागदांवर सह्या मीच करेन, आडनावासकट. लिहिलं ते एवढ्यासाठी, की तू माझी रोजनिशी शेवटची वाचून गेलास तीन तारखेला. तुला हवं ते मिळालं असणार, कारण चार तारखेला तू मावशीला फोन केलास आणि पुन्हा काही वाचायला आला नाहीस. पाच तारखेचं पान म्हणूनच तुला ठाऊक नाही. मी पूर्ण शुद्धीत लिहिलं होतं, की आता इथे एकटं करमत नाही, मुलगा बोलावतोय तर घर बंद करून त्याच्याकडेच राहायला जावं, रविवारी फोन करून त्याला सांगावं. तो रविवार येऊन गेला, आणि मी फोन केला नाही. आता मी येणारही नाही. दोन दिवस थांबला असतास तर तुझी आई आपल्या पायांनी तुझ्या दारात आली असती.

तुझीच, नाइलाजाने,
आई