वापरणारं कुणी माहीत नाही

प्रिय पवित्रा,

आवाज ओळखलास ना? तोच आहे, "गारगोटी"ला "गार्गॉटी" म्हणणारा आपला साहेब. डबा दुरुस्त झाला असं वाटून तू आता खूश होशील आणि मला फोन लावायला उठशील. उठू नकोस. आधी शेवटपर्यंत ऐक, मग काय करायचं ते कर. तुमच्या शाळेच्या शिपाई तानाबाई, त्यांना मी सांगून ठेवलंय की अर्धा तास बाईंना कुणी हाक मारू नये. त्या म्हणाल्या, "पावणं, बाई मशिनीवर बसल्या की हेडबाईबी हाक मारत न्हाईत."

सोळा वर्षं झाली या डब्याला. कोल्हापूरच्या राजारामपुरीत हंबीररावांच्या सायबर कॅफेच्या मागच्या खोलीत दर रविवारी आपण सहा-सात जण लिनक्स या मोफत संगणक प्रणालीचं वेड डोक्यात घेऊन जमायचो, आणि तू गडहिंग्लजहून एस्टीने यायचीस. पहिल्या दिवशी मी लगबगीने तुझ्यासाठी खुर्ची ओढायला गेलो, तर म्हणालीस, "दिसत न्हाई मला. बसता येतंय की." तिथून आपली मैत्री. पुढे लक्ष्मीपुरीत जुन्या सामानाच्या दुकानात मला हा जेवणाच्या डब्याएवढा खोका सापडला. संगणकाला जोडला की पडद्यावरचं वाचून दाखवणारा. इंग्रजी छान, मराठी मात्र नुकतंच विमानातून उतरल्यासारखं. मराठी अक्षरं त्याला समजतील अशी फिरवून देणारा प्रोग्रॅम तू लिहिलास, आणि महिनाभर खपून त्याच्याकडून "कोल्हापूर" नीट म्हणवून घेतलंस. "गारगोटी" तेवढं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही, आणि नोकरी तुला नेमकी तिथेच लागली.

लोक तुला विचारायचे, मोबाईल बोलतो, नवे संगणक बोलतात, मग हे जुनं लोढणं कशाला? तू उत्तर द्यायचीस ते मला पाठ आहे. बाकीचे सगळे संगणक पूर्ण सुरू झाल्यावर बोलतात. हा डबा बटण दाबल्यावर पहिल्या ओळीपासून बोलतो, कारण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, थेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच बसलेला. मशीन मध्येच अडलं तर कुठे अडलं ते तुला ऐकू येतं आणि तू ते स्वतः सोडवतेस. शाळेतले बावीस संगणक आणि तो मोठा सर्व्हर तू एकटीने सांभाळलास तो याच जोरावर. डोळसांची वाट बघावी लागत नाही, एवढंच तुझं म्हणणं होतं.

त्या ड्रायव्हरमध्ये एक चूक होती. ती मी दुरुस्त केली आणि तू आठवडाभर वापरून बघितलीस. कर्नलमध्ये दुरुस्ती पाठवताना कुणी चाचणी घेतली त्याचं नाव खाली लिहायची रीत आहे. माझ्या पहिल्यावहिल्या दुरुस्तीखाली तुझं नाव होतं. तू त्याची छापील प्रत तुझ्या आईंना, अव्वांना, नेऊन दिली होतीस, आठवतं? पुढे मला त्याच कामाची नोकरी लागली. जगभरचे कर्नलवाले जिथे चर्चा करतात त्या मेलिंग लिस्टवर तूही होतीस. दिवसाला हजारभर मेल यायचे, डबा वाचून वाचून दमायचा. तेव्हा मीच तुला म्हणालो, तू कशाला त्या गर्दीत राहतेस, मी आहे ना तिथे, तुझ्या कामाचं काही आलं तर सांगेन. माझ्या शब्दावर तू त्या चावडीवरून उठलीस. ही गोष्ट मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी विसरलो नव्हतो.

आता खरं सांगतो. गेल्या वर्षी कर्नलमधला जुनापुराणा माल काढायचं काम माझ्याकडे आलं. काम वाईट नाही गं, करावंच लागतं. कुणी न वापरणारे ड्रायव्हर पडून राहतात, दर बदलाच्या वेळी ते सांभाळायला लागतात, त्यांतून सुरक्षेला भोकं पडतात. पद्धत अशी की आधी लिस्टवर विचारायचं, हे कुणी वापरतंय का? काही महिने थांबायचं. कुणी बोललं नाही तर काढून टाकायचं. माझ्या यादीत चौदा ड्रायव्हर होते, आणि नववा आपल्या डब्याचा होता.

मी विचारलं. ज्या चावडीवरून तुला उठवलं, त्याच चावडीवर उभं राहून विचारलं. तुला फोन केला नाही. तू हो म्हणाली असतीस, मग एका बाईच्या एका डब्यासाठी तो ड्रायव्हर ठेवा म्हणून मला सगळ्यांशी भांडावं लागलं असतं, पुढे त्याची निगाही माझ्याच गळ्यात पडली असती. मला चौदाच्या चौदा काढून दाखवायचे होते. परदेशातल्या एका परिषदेत त्यावर भाषण द्यायचं होतं, आणि ते मी दिलं. तीन महिने झाले, कुणी बोललं नाही. मी लिहिलं, वापरणारं कुणी माहीत नाही. त्यावर एका म्हाताऱ्या कर्नलवाल्याने मला सरळ विचारलं, जुन्या दुरुस्तीखाली चाचणी घेणारीचं नाव दिसतंय, तिला विचारलंस का? मी उत्तर दिलं, फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ती. शब्द खोटा नव्हता म्हणून मी त्या रात्री निवांत झोपलो. माझी झोप कसली बेशरम आहे ते मला आता कळतंय.

मग जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तू नेहमीप्रमाणे सर्व्हर अद्ययावत केलास, तो ड्रायव्हर नसलेला नवा कर्नल आला, आणि डबा गप्प झाला. तुझा फोन आला तेव्हा मी कावळा नाक्यावर मिसळ खात होतो. तू घाबरली होतीस. तानाबाईंना पडद्यासमोर उभं करून तू वाचायला लावलं होतंस आणि त्या म्हणत होत्या, "काळ्यावर पांढरी अक्षरं हायती बाई, पर मला इंग्रजी कुठलं यायला?" तू म्हणालीस, "आदर्श, माझ्याच हातनं झालं बघ. परवा पुसताना हात ओला होता." खरं बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, जुना होता गं, जळला असेल. पाठवून दे, बघतो.

तू एस्टीच्या पार्सलने पाठवलास. इरकली लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून, सोबत शेंगदाण्याची चटणी. चटणी मी आठ दिवसांत संपवली. डबा कपाटात ठेवला आणि चार महिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तुझे फोन आले की पार्ट मिळत नाही म्हणून सांगत राहिलो. तू माझीच समजूत घालायचीस, "असू दे रे, एवढा जीव नको काढूस." तेव्हा मला फोन कानाला धरवत नव्हता.

दसऱ्याआधी आईने घर धुवायला काढलं. आईला मी मागे माझं काम समजावून सांगितलं होतं, तर म्हणाली होती, "म्हंजे दसऱ्याची साफसफाईच की." गुरुवारी तिने कपाटातून डबा काढला, फडकं उलगडलं, आणि हातात धरून माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "कुणा बाईचं हाय रं हे? टाकनार हुतो, पर म्हटलं इचारावं. माणसाचं काय अडून ऱ्हायलं असलं तर?" माझी आई चौथी शिकलेली. त्याच दुपारी तुझा फोन आला. तू अगदी सहज म्हणालीस की सोमवारी संगणकाच्या खोलीच्या किल्ल्या नव्या विजयसिंह सरांकडे देणार आहेस, लेखी कळवलंयस, आता तुझ्याच्याने होत नाही. दर वेळी कुणाला तरी वाचायला बोलवावं लागतं त्याची लाज वाटते म्हणालीस. लाज तुला वाटत होती, पवित्रा. मी ऐकत होतो.

म्हणून काल रविवारी गारगोटीला आलो. तानाबाईंनी खोली उघडून दिली. सर्व्हरवर ड्रायव्हर असलेला जुना कर्नल परत घातला, डबा जोडला आणि मशीन चालू झाल्या झाल्या हे पत्र वाचलं जाईल असं करून ठेवलं. हा तात्पुरता इलाज आहे, तो कायम पुरणार नाही. ड्रायव्हर परत ठेवावा म्हणून शुक्रवारीच लिस्टवर लिहिलंय. त्यात लिहिलंय की वापरणारी एक व्यक्ती आहे, ती मला तेव्हाही माहीत होती आणि मी ते लपवलं. त्याची निगा मी राखेन असंही लिहिलंय. ते ऐकतील की नाही, ठाऊक नाही. तुझं नाव तुला विचारल्याशिवाय घातलेलं नाही. चार महिने तुझ्या तोंडावर खोटं बोललो, आता मी फोनवर काय बोलणार, म्हणून जे सांगायचं ते याच्याच तोंडून सांगतोय. डब्यात काहीही दुरुस्त करावं लागलं नाही. आईने विचारलं त्याच दिवशी माझ्या जुन्या मशीनला जोडून बघितला, आणि पहिल्या ओळीपासून बोलायला लागला. किल्ल्या देऊ नकोस. मी फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर बसलोय. बोलावलंस तर येईन, नाहीतर दुपारच्या एस्टीने जाईन, त्याबद्दल मला काही म्हणायची जागा नाही. एवढंच लक्षात ठेव, तुझ्या ओल्या हाताने काहीही झालं नव्हतं.

तुझाच,
आदर्श