मेण न लावलेली नळी

प्रिय चिमे,

गुडघे आहेत तसेच. हे, तुझे बाबा, गेल्याला आता चार वर्षं होतील. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून मी पुस्तकातल्या माणसांशी भांडत बसते.

लहानपणी तू ह्यांच्या माती तपासायच्या लॅबमध्ये स्टुलावर बसायचीस, आठवतं? हे दोन भागांच्या डब्यात वाळू भरायचे, वर वजन ठेवून खालचा भाग सरकवायचे आणि वाळू मधोमध घसरली की तू ओरडायचीस. वाळूचं काम पाव तासात उरकायचं. चिकणमातीचे नखरे फार. हे म्हणायचे, ओली असली की लोळण घेते, सुकली की पैलवान. म्हणून जमिनीतून नळीत काढलेली माती आली, की त्याच दिवशी नळीची दोन्ही तोंडं वितळलेल्या मेणानं बंद करायची, ओलावा उडू नये म्हणून. ते काम माझं. माझ्यासारख्या नववी नापास बाईला लॅबच्या साहेबांनी ह्यांच्या शब्दावर ठेवून घेतलं होतं.

शाळेमागच्या भिंतीसाठीच्या नळ्या आल्या तो शनिवार होता. शेगडीवर मेण ठेवलं आणि मी पुस्तकात डोकं खुपसलं. साहेब येताजाता टोमणा मारायचेच, काय वहिनी, लॅब आहे की वाचनालय? त्या गडबडीत शेवटची नळी राहिली. सोमवारी ती खिडकीत, उन्हात, उघड्या तोंडानं पडलेली दिसली. मी गुपचूप मेण लावून टाकलं.

ह्यांनी चाचणी केली. माती दणकट निघाली, पण ओलावा फारच कमी भरला. हे हातातलं काम सोडून माझ्याकडे आले आणि म्हणाले, अगं, ही शनिवारीच बंद केलीस ना? मी उलट फणकारले, हो तर, मी काय झोपा काढत होते? काटा सांगत होता ते सोडून त्यांनी माझं ऐकलं. जमिनीतच तो थर कोरडा असेल असं धरून मातीच्या ताकदीचा आकडा लिहिला.

त्या आकड्यावर भिंत बांधली गेली आणि पुढच्या पावसात सरकली. शाळेच्या पहारेकऱ्याचा पाय गेला. तो अजून बाजारात दिसतो, मी गल्ली बदलते. चौकशीत लोक म्हणाले, ह्यांनी चाचणी न करताच खुर्चीत बसून आकडा टाकला. हे गप्प राहिले. नोकरी गेली. तू तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वर्गात आडनाव सांगायची लाज वाटते, असं त्यांच्या तोंडावर म्हणालीस आणि घरी यायचं सोडलंस. मी स्वयंपाकघरात होते. सगळं ऐकलं, तरी तोंड उघडलं नाही.

त्यांना कळलं असणार. कारण भिंत सरकल्यावर त्यांनी मला त्या नळीबद्दल पुन्हा कधीच विचारलं नाही.

परवा टपालानं तुझं पुस्तक आलं. आकडेमोड सोडून सगळं वाचलं. सातव्या प्रकरणात ती भिंत आहे, आणि 'चाचणी न करताच आकडा भरणारा एक तंत्रज्ञ' आहे. सोबतच्या चिठ्ठीत दुसरी आवृत्ती निघतेय म्हणतेस. तेवढं वाक्य काढ, बाळा. लिही, की चाचणी झाली होती आणि नीट झाली होती. नळी एका बाईनं उघडी ठेवली, आणि विचारल्यावर ती खोटं बोलली. ती बाई कोण, हवं तर तेही लिही. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस, पण ते वाक्य काढ.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
आई