बारूदवाल्याचा वटाणा

बरगी, जबलपूर
१० नोव्हेंबर २०२४

चि. राखीस,
सप्रेम जय भीम आणि अ. उ. आ.

फोनवर तू रडतेस, मी ओरडतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून पत्र लिहितो आहे. कागदावर कोणाचा आवाज चढत नाही.

तुला कळलेली बातमी खरी आहे. रानडुकरं परत आली आहेत. पंधरा वर्षांत इकडे कोणी त्यांचा खूरही पाहिला नव्हता. आता नाल्यापलीकडचं रान दाट झालं आहे. परवा सकाळी दात घासत उभा होतो, तर एक मादी सहा पट्टेरी पिल्लं घेऊन शेताच्या धुऱ्यावरून गेली, माहेरी निघाल्याच्या ठसक्यात. खरं सांगतो, मला आनंद झाला. शेजारच्या भैयालालचा वटाणा पाहिला आणि तो आनंद तिथेच संपला. त्याचं अर्धं शेत उकरून टाकलं होतं.

संध्याकाळी भैयालाल आला. आप तो बारूदवाले हो, आटे में छुपाकर एक गोला बना दो, सूअर चबाएगा और किस्सा खतम, असं त्याचं म्हणणं. चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बारूद भरली ती नोकरी म्हणून, हुकुमाने. आता एका जिवाचा जबडा फोडायला मी ती हातात घेणार नाही. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग तुमच्याकडे इलाज काय?

इलाज आहे. डुक्कर नाकाने चालतं. माणसाचे केस हुंगले की मागे फिरतं, असं इथले जुने लोक सांगतात. जबलपुरात ओमती आणि नेपियर टाउनच्या सलूनांतून दोन पोती केस आणले. ऑटोवाल्याने पोत्यात काय आहे ते विचारलं. मी खरं सांगितलं, तर त्याने भाडं आगाऊ मागून घेतलं.

काळजी करू नकोस. माझ्या वटाण्याचा एक वेलही जाणार नाही. जावईबापू अश्वजीतरावांना जय भीम सांग. तुझी माया आहेच, ती पत्रातूनही कळवत जा.

तुझा बाबा,
पुंडलिक


नागपूर
१९ नोव्हेंबर २०२४

ति. बाबांस,
सा. जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. केसांचं वाचून अश्वजीत इतके हसले की चहा सांडला. त्यांनाही हातभार लावायचा होता, पण त्यांच्या डोक्यावर आता देण्यासारखं काही उरलेलं नाही.

मला मात्र हसू आलं नाही. मी सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे, बाबा. मागच्या महिन्यात डुकराच्या सुळ्याने मांडी फाटलेला माणूस आमच्याकडे आला होता, टाके घालता घालता डॉक्टर थकले. आई गेल्यापासून तुम्ही तिथे एकटे. पडलात तर हाक ऐकणारं कोण आहे?

तुम्ही म्हणता एक वेल जाणार नाही. ठीक आहे, मग अट घालते. डुकरांनी तुमच्या शेतातली एक ओळ जरी उकरली, तर शेत भैयालालकाकांना कसायला द्यायचं आणि माझ्याकडे यायचं, कायमचं. शब्द दिला की पाळायचा, हे तुम्हीच शिकवलंत. कबूल असेल तर कळवा, आणि नसेल तर कबूल करा.

तब्येतीला जपावं, आणि रागावलात तरी लेकीवरचा जीव कमी करू नये.

आपली,
राखी


बरगी
८ डिसेंबर २०२४

चि. राखीस,
सप्रेम जय भीम आणि अ. उ. आ.

फोनवर अट कबूल केली होती, आणि हरलो. चार ओळी गेल्या.

कारण लिहिताना लाज वाटते. फॅक्टरीत आमच्या सेक्शनला कचऱ्याचा कण चालत नसे. कपडे बदलून, हात घासून आत जायचं. ती सवय हाडात गेली आहे. सलूनमधून आणलेले केस मला घाण वाटले, म्हणून मी दोन्ही पोती साबणाने धुतली, उन्हात वाळवली आणि मग धुऱ्यावर पसरली. माणसाचा वासच उडाला. डुकरं त्यावरून चालत आली. भैयालाल पोट धरून हसला. सूअरों के लिए गलीचा बिछाए हो क्या, असं विचारत होता.

पुढचं हसण्यासारखं नाही. दोन दिवसांनी तो कुठून तरी बारूद भरलेला पिठाचा गोळा घेऊन आला. शेतात कुठे ठेवायचा, तेवढं तरी सांगा म्हणाला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. तो ऐसा काहे कर रहे हो म्हणत खूप ओरडला. तेव्हापासून बोलत नाही.

असो. शब्द तो शब्द. वीस तारखेचं गाडीचं तिकीट काढलं आहे. शेत सोडताना वाईट वाटतं आहे, फार वाटतं आहे, ते लपवत नाही. तुझ्या घरात एक कोपरा मोकळा ठेव, आणि हरलेल्या बापाला नावं ठेवू नकोस.

तुझा,
बाबा


नागपूर
१३ डिसेंबर २०२४

ति. बाबांस,
सा. जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी जिंकल्याच्या आनंदात होते. खोली झाडली, पलंग लावला. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर सिवनीकडची एक बाई आली. गवत कापताना विळ्याखाली गोळा फुटला. डुकरासाठी ठेवलेला. उजवा हात मनगटापासून गेला. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं हेच विचारलं, की आता म्हैस कोण दोहणार.

तिचा नवरा बाहेर बाकावर बसून होता. आमच्या गावात गोळे कोण करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याला कोणी अडवत नाही, असं तो सांगत होता. मला त्याच्यापुढे मान वर करवेना. कारण असा अडवणारा एक माणूस मला माहीत होता आणि मीच त्याला गावातून उचलून आणायला निघाले होते.

तुम्ही इकडे आलात तर माझी काळजी मिटेल. पण भैयालालकाका दुसरा गोळा आणतील, तेव्हा तो त्यांच्या हातातून काढून घेणारं तिथे कोणी नसेल.

तिकीट रद्द करा. अट मी मोडते आहे, बाबा. तुम्ही तिथेच राहा.

तुमच्या नकारावर जीव असलेली,
राखी